खुर्चीवरचा कोट

१

मे महिन्यात मलकापुरात कोट घालून फिरणारा माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर वेडा. प्रज्वल रिंढे यांपैकी कुणीच नव्हता. तरी शनिवारी सकाळी तो रुळांच्या कडेला सापडला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता आणि सगळी बटणं नीट लावलेली होती.

मी छाया तायडे. उभी नोकरी रेल्वे पोलिसात गेली, शेवटची वर्षं मलकापूर स्टेशनात. रुळांवरची माणसं गोळा करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाले तरी ती काही मला सोडायला तयार नाहीत. दुपारी जरा डोळा लागला की दारात येऊन उभी राहतात. बोलत नाहीत, आत येत नाहीत. मी उठते, माठातलं पाणी पिते, पुन्हा आडवी होते. भुतांवर माझा विश्वास नाही. पण त्यांचं येणं-जाणं चालू असतं, त्याला मी काय करू?

ठाण्यात आता सहदेव आहे, माझ्याच हाताखाली तयार झालेला. अवघड काही आलं की फोटो घेऊन माझ्याकडे येतो, सोपं आलं की शाबासकीसाठी येतो. या वेळी आठवड्याने, केस मिटवून, शाबासकीसाठी आला होता.

"साधी केस हाय मॅडम. पोट्टं साखरखेर्ड्याचं. मुंबईच्या बँकेत उन्हाळ्यापुरतं शिकाऊ म्हून लागलं होतं, कामानिमित्त इथल्या जिनिंगमध्ये आलं. शुक्रवारी सांजच्यापर्यंत जागेवर बसून काम केलं अन् मंग गाडीखाली गेलं. त्याचा साहेब तेच सांगते, संगं काम करनारी पोरगी तेच सांगते. ताण, दुसरं काय?"

मी फोटो पाहत होते. "सहदेव, इथं रगत काऊन नाही?"

"असन कमी."

"अन् केसात हे पांढरं काय हाय?"

"रुई असन. जिनिंगमध्ये होता ना."

केसांत रुई, शर्टाच्या कॉलरवर रुई, मोज्यांवर रुई. कोटावर मात्र एक तंतू नव्हता.

"फोन?"

"नाही सापडला. पडला असन कुठं झुडपात. मायले तसं कळवलं, पोरानं जीव देला म्हून. लई रडली. मानतच नाही."

सहदेव चहा पिऊन गेला. त्या दुपारी डोळा लागला तर दारात नवा माणूस उभा. कोट घातलेला, घामाने निथळत. तो काही मागत नव्हता, पण नजर सारखी घरात फिरत होती. कोट काढून ठेवायला जागा शोधत असावा.

जाग आली ती दार वाजल्याने. बाहेर एक शहरी मुलगी उभी होती, चेहरा पांढराफटक. तिने काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर प्रज्वलचा कोटातला हसरा फोटो होता, आणि नावाशेजारी हिरवा ठिपका.

"हा आमच्या ऑफिसचा चॅट आहे," ती म्हणाली. "हिरवा ठिपका म्हणजे माणूस आत्ता ऑनलाइन आहे. मॅडम, त्याला जाळून आठवडा झाला."

२

ती समीक्षा. पुण्याची, त्याच बँकेतली दुसरी शिकाऊ. तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि आधी विचारलं, की ही कसली बँक, जिथे ना पासबुक ना काउंटर?

"इन्व्हेस्टमेंट बँक. एखादी कंपनी विकायची असली की आम्ही तिची सगळी माहिती मांडतो, गिऱ्हाईक शोधतो, सौदा जमवतो."

म्हणजे आमच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून दलाल जे करतात तेच, फक्त काचेच्या इमारतीत आणि सुटाबुटात. राजकुमारशेठची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, अशीच विकायला निघाली होती. शेखर नावाचा साहेब ही दोन पोरं घेऊन तिथे मुक्कामाला आला होता.

"सुरुवातीला स्वर्ग होता हो," समीक्षा म्हणाली. "मुंबईत विसाव्या मजल्यावर बसायचो, खाली समुद्र. सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हा प्रज्वल ते पान आईला दाखवायला घरी घेऊन गेला. आणि मग दुसऱ्याच आठवड्यात शेखर सरांनी एका स्वल्पविरामावरून सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला. बाथरूममध्ये जाऊन तो बसल्या बसल्या झोपला होता. एक दिवस वाटायचं जग आपलं आहे, दुसऱ्या दिवशी वाटायचं पळून जावं. उन्हाळा संपताना दोघांपैकी एकालाच पक्की नोकरी मिळणार होती."

"तरी तुमची दोस्ती?"

ती पहिल्यांदा हसली. "त्याशिवाय जगलोच नसतो. तिथे काम असो नसो, साहेब उठेपर्यंत जागेवर दिसावं लागतं. म्हणून सगळे एक कोट खुर्चीवर टाकून ठेवतात. कोट दिसला की साहेबाला वाटतं माणूस इथेच आहे, पाणी प्यायला गेला असेल. आणि चॅटवरचा ठिपका हिरवा राहावा म्हणून मागे राहिलेल्याने दुसऱ्याचा माउस अधूनमधून हलवायचा. मी त्याचा सांभाळायचे, तो माझा."

"त्या शुक्रवारीबी?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पोलिसाले खोटं सांगतलं ना तू?"

"तो जेवणाच्या वेळेलाच गेला," ती रडू लागली. "म्हणाला, जरा जाऊन येतो, माझा ठिपका सांभाळ, कुणी विचारलं तर जागेवर आहे म्हण. मला वाटलं आईला भेटायला गेला. मी संध्याकाळपर्यंत माउस हलवला. चहावाल्यापासून गोदामवाल्या रज्जाकभाईंपर्यंत ज्याने विचारलं त्याला सांगितलं, आहे तो, जागेवर आहे. हे आता सांगितलं तर नोकरी जाईल म्हणून... मॅडम, मला नोकरी नको. तो रोज दुपारी ऑनलाइन येतो. मी खाली मेसेज टाकला, कोण आहे म्हणून. कुणी वाचलासुद्धा, पण उत्तर नाही. मला वाटतं तो माझ्यावर रागावलाय."

रागावलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, जिवंत आणि मेलेली. मेलेली कधी मोबाइल चार्ज करत नाहीत. फोन कुणाच्या तरी हातात होता.

३

राजकुमारशेठने माझं असं स्वागत केलं जसं काही मीच जिनिंग विकत घ्यायला आले आहे. थंड ताक आलं, त्यावर कोथिंबीर.

"लई गुणी पोरगा होता जी. मायच्यान, दोन दिवस अन्न गेलं नाही मले. पन आता सौदा होऊन राह्यला, तुमी जरा..." त्याने हात जोडले.

"गोदाम पाह्याचं होतं."

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. मग म्हणाला, "पाहा की. रज्जाक!"

गोदामाच्या फाटकाशी रज्जाकभाई बसले होते. पांढरी दाढी, डोळे लाल. त्यांनी लाकडी पेटी पुढे केली. रुईच्या गोदामात ठिणगीला भितात, म्हणून मोबाइल, माचिस, बिडी सगळं बाहेर ठेवूनच आत जायचं असतं, मग तो मालक असो की कलेक्टर. मी फोन पेटीत टाकला.

आत गाठींच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या. एका कोपऱ्यात तेवढी जागा रिकामी होती आणि फरशी नव्याने धुतलेली. वाकले तर जळक्या चिंधीचा वास आला.

"तेल सांडलं होतं," राजकुमारशेठ मागून म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर रज्जाकभाईंनी पेटीतून माझा फोन काढला, रुमालाने त्यावरची रुई पुसली आणि दोन्ही हातांनी मला दिला.

"तब्येत बरी नाही का भाई?"

"नींद नाही होत, मॅडम," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

शेखर आतल्या केबिनमध्ये बसला होता. कूलर असा घरघरत होता की शेजारी बाँब फुटला तरी कळू नये. माणूस तरुण, दाढी कोरलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माझ्याशी बोलताना सारखा घड्याळाकडे पाहत होता.

"आम्हाला सगळ्यांनाच धक्का बसलाय. मी तर त्याला गुरुवारीच सांगितलं होतं, की नोकरी तुलाच देणार."

"मंग त्यानं जीव काऊन देला?"

"ताण सगळ्यांना झेपत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्या डोळ्यांसमोर गेला. खुर्चीवरचा कोट उचलला, घातला आणि निघाला. मला तेव्हाच समजायला हवं होतं."

हॉलमध्ये प्रज्वलची खुर्ची रिकामी होती. दारातल्या त्या माणसाने कोट काढला असता, तर इथेच टाकला असता. मग तो त्याच्या अंगावर चढवला कुणी?

४

साखरखेर्ड्याला एसटीने गेले. सरस्वतीबाई वांग्याच्या वाफ्यात पाणी लावत होत्या. मी कोण ते सांगितलं तर त्यांनी पाय धुतले, मला ओसरीवर बसवलं आणि एकच विचारलं.

"मॅडम, माह्या पोरानं जीव देला का? बाकी मले काही नाही पाह्यजे. पोरगं गेलं ते गेलं. पन ते मले सोडून आपल्या मनानं गेलं का, येवढं सांगा."

मी आजवर कितीतरी आयांना उत्तरं दिली असतील. या बाईला खोटं सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणाले, "अजून माहीत नाही. त्याचा कोट कोनता हो?"

"गावातल्या सकलैन टेलरनं शिवला. बँकेच्या नोकरीसाठी. पन घातला कुठं? फोनवर हासे. म्हने, आई, तुह्या कोटानं लई काम केलं, मी नाही घालत, माही खुर्ची घालते." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि तिथेच रडू फुटलं.

"अखरीचं कधी बोलला?"

"शुक्रवारीच, जेवाच्या वक्ताले. म्हने, आई, गोदामात एक गाठ गरम लागून राह्यली. साहेबाले सांगतलं तं म्हनते आधी सोमवारी गिऱ्हाईक येऊन जाऊ दे, मंग पाहू. म्हने, मी नीट हात लावून पाह्यतो अन् संध्याकाळी फोन करतो."

तो फोन आला नव्हता.

बोलता बोलता त्यांनी पदराखालून मोबाइल काढला. सरावाच्या बोटाने उघडला, एका चित्रावर टेकवलं, आणि पडद्यावर प्रज्वल आला. कोटातला, हसरा. ऑफिसने पहिल्या दिवशी काढलेला फोटो. आई त्यावरून अंगठा फिरवू लागली.

माझ्या पिशवीत फोन वाजला. समीक्षा होती. आवाज फाटलेला. "मॅडम, तो आला. आत्ता, या मिनिटाला! हिरवा झालाय!"

मी समोर पाहिलं. अंगठा फोटोवरून फिरतच होता.

"हो पोरी," मी म्हणाले. "दिसून राह्यलं मले."

कोटातला तेवढाच एक फोटो, आणि तो फक्त ऑफिसच्या चॅटमध्ये. पाणी लावून झालं की दुपारी आई तो पाहायची. मुंबईवाल्यांनी पोराचं ओळखपत्र तातडीने मागून घेतलं, पण त्याचं खातं बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका भुताचा उलगडा झाला. आता माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं.

"सरस्वतीबाई, हा फोन पोलिसाले सापडला नाही. तुमच्याकडं कसा?"

"एक दाढीवाले भाई आले होते. नाव नाही सांगतलं. बसले नाही, पानी नाही घेतलं. फोन देला, रडले अन् गेले."

मी फोन उलटा केला. चार्जिंगच्या भोकात रुईचा बोळा बसला होता.

५

सहदेवला घेऊन मी जिनिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. राजकुमारशेठ, शेखर, समीक्षा, रज्जाकभाई. कूलर बंद करायला लावला. एकदम इतकी शांतता झाली की गोदामाच्या पत्र्यावर बसलेला कावळा ऐकू आला.

"प्रज्वल रुळावर मेला नाही," मी म्हणाले. "मेलेल्या माणसाले गाडीनं मारलं, म्हून रगत नव्हतं. अंगाले रुई होती अन् कोटाले नव्हती, म्हंजे कोट नंतर चढवला. फोन खिशात नव्हता, कारन तो गोदामाच्या पेटीत होता. पेटीत फोन टाकल्याबिगर कोनी आत जात नाही. आत गेलेला माणूस बाहेर आला असता तं फोन घेऊन आला असता. रज्जाकभाई, साखरखेर्ड्याले तुमीच गेलते ना?"

रज्जाकभाई उठून उभे राहिले. ते या क्षणाची वाट पाहत होते असं मला वाटलं.

"हाव. मीच गेलतो. मले शेठनं खुदाची कसम घातली होती, पन त्या मायच्या पोराचा फोन माह्यानं ठेववला नाही." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "एका गाठीत, गाठी दाबाच्या प्रेसमधूनच ठिणगी गेली होती. अशी गाठ भडकत नाही मॅडम, अंदरच्या अंदर धुमसते. पोरगं पाह्याले गेलं. मी जुम्म्याच्या नमाजाले निघालो. शुक्रवारी गोदाम एकदा लावलं की दुसऱ्या दिवशीच उघडते. पाह्यलं तं पेटीत त्याचा फोन. मी अंदर आवाज देला, जवाब नाही. धुरानं आधीच बेहोश झालं असन. मंग मी इथं, या दारात येऊन पुसलं, प्रज्वल साहेब आले का वापस?"

कुणाकडे पाहावं ते त्यांना कळेना.

"खुर्चीवर कोट होता," ते हळूच म्हणाले. "अन् बाई म्हने, हाव, जागेवरच हाय. मले वाटलं फोन भुलला. मी कुलूप लावलं."

समीक्षा प्रज्वलच्या खुर्चीकडे पाहत होती, आणि मला त्या घटकेला माझं डोकं चालतं याचाच राग आला. कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं, पण ते मी वदवून घेतलं होतं.

राजकुमारशेठ घाईने पुढे सरसावला. "पहाटे उघडलं तं पोरगं गेलेलं होतं जी! आमी काही मारलं नाही. सोमवारी गिऱ्हाईक येनार, गोदामात मुर्दा, सौदा गेला असता ना. रूळ मागंच हाय. माही गाडी होती, पन कल्पना माही नाही."

"मला माहीत आहे," मी आता शेखरकडे वळले आणि त्याला समजेल अशा मराठीत बोलले. "कोट तुम्ही चढवलात."

"काहीतरीच! यांच्यापैकी कुणीही..."

"या पोरीशिवाय यांच्यापैकी कुणाला त्या कोटाचा अर्थ कळत नाही, आणि ती पहाटे गोदामात नव्हती. राजकुमारशेठला खुर्चीवर कोट म्हणजे कोट दिसतो. मलकापूरच्या माणसाने मेल्यावरही कुणाला मे महिन्यात कोट घातला नसता. तुम्हाला मात्र पहाटे ती खुर्ची पाहून धडकी भरली. शेखरसाहेब, तुम्हीही कधी उन्हाळ्यात शिकाऊ होतात ना? तुमचाही कोट खुर्चीवर असायचा?"

त्याची नजर खाली गेली.

"खुर्चीवर कोट ठेवून गेलेला माणूस परत येणार असतो. तुमच्या मुंबईत हे शिपायालाही ठाऊक आहे. कोट तिथे राहिला असता तर उद्या तुमच्याच बँकेतून कुणीतरी विचारलं असतं, की जीव द्यायला निघालेला मुलगा कोट ठेवून का गेला? म्हणून तुम्ही त्याला तो घातलात. आणि मला सांगितलंत, की संध्याकाळी तो तुमच्या डोळ्यांसमोर कोट घालून गेला. संध्याकाळी तो कुलपाआड होता."

शेखरने दोन्ही हातांत डोकं धरलं. "मी फक्त सोमवारपर्यंत थांब म्हणालो होतो त्याला," तो म्हणाला. "एवढंच म्हणालो होतो. मलाही असंच सांगायचे."

मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त चीड आली. सहदेव उठला. पुढचं त्याचं काम होतं. डॉक्टरांनी राखून ठेवलेल्या रक्तात पुढे धुराचा विषारी वायू सापडला, आणि आत्महत्या हा शब्द कागदावरून खोडला गेला.

६

साखरखेर्ड्याला जाताना समीक्षा माझ्याबरोबर आली. मी नको म्हणाले होते. तिने ऐकलं नाही.

ओसरीवर बसून मी सरस्वतीबाईंना सगळं सांगितलं. "त्यानं जीव देला नाही. कोट खुर्चीवर ठेवून गेलता तो. वापस येनार होता. तुमाले फोन करनार होता."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरची एक गाठ सुटत गेलेली मी पाहिली. तेवढं पाहून उठावं असं फार वाटलं.

मग समीक्षा बोलली. ठिपका म्हणजे काय, माउस म्हणजे काय, रज्जाकभाईंनी दारातून काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं. काही लपवलं नाही, माफीही मागितली नाही. मागायला तोंड नाही, असं म्हणाली.

सरस्वतीबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. शिवी येईल, हात उठेल, असं मला वाटलं. त्यांनी मोबाइल काढला. फोटो उघडला. शेजारी समीक्षाच्या हातातल्या मोबाइलवर ठिपका हिरवा झाला, तिने तो वळवून त्यांना दाखवला.

"म्या फोटो पाह्यला की हा लागते?"

"हो."

"अन् तुले वाटते का तो आला."

"हो."

"रोज?"

समीक्षाने मान हलवली.

सरस्वतीबाईंनी शेवटचा एकदा फोटोवरून अंगठा फिरवला आणि पोराचा फोन तिच्या मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी तूच लावून ठेवला होता ना? मंग आता तूच विझव."

समीक्षाचा हात काही केल्या पुढे येईना. शेवटी त्या बाईने तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. चॅटमधून प्रज्वलचं खातं लॉग आउट करायला तिला बराच वेळ लागला. ठिपका राखाडी झाला. मनगट तरीही सुटलं नव्हतं.